आधी वर्गणी, मग बुद्धिबळ

संपादकांचा फोन आला. "सुनंदाताई, दिवाळी अंक आहे, जरा गोड आठवणी लिहा. बुद्धिबळाच्या पंच म्हणून इतकी वर्षं काढलीत, केवढ्या गमती पाहिल्या असतील!" गमती पाहिल्या, खोटं कशाला बोलू. पण मी इंदूरची आहे. आमच्याकडे सकाळच्या पोह्यांवरही शेव लागते, आणि तीही तिखट. ज्यांना गोड हवं असेल त्यांनी ताटातला लाडू उचलावा. मला राग आलेला आहे आणि तो मी इथे लिहून काढणार आहे.

आधी माझं काम सांगते. मी शाळेत खेळाची बाई होते. लंगडी, खो-खो, लेझीम शिकवायची. एके वर्षी वरून पत्र आलं, की प्रत्येक शाळेनं एकाला बुद्धिबळाच्या पंचाच्या परीक्षेला पाठवावं. बाकीच्या खेळशिक्षकांना क्रिकेट सोडून कशातच रस नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, "ज्यात घाम येत नाही तो खेळ बाईंना द्या." मी गेले, पास झाले, आणि पुढे माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या खेळानं खाल्ल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर तेच माझं पूर्णवेळ काम झालं. त्यात घाम येत नाही हे मात्र साफ खोटं. फेरी संपल्यावर माझ्याबरोबर खुर्च्या पुसायला या, म्हणजे कळेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दोघं जण गप्प बसून लाकूड सरकवतात, तिथे पंचाचं काय काम? काम हेच, की ते दोघं गप्प राहिले पाहिजेत आणि भोवतालचेही. कोणाची कोणाशी जोडी लावायची ते ठरवायचं, घड्याळं लावायची, मोबाइल काढून घ्यायचे, तंटे मिटवायचे. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो, हा आमचा सगळ्यात साधा नियम आणि सगळ्यात जास्त रडवणारा. "मैं तो बस ठीक कर रहा था" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं आहे तितक्या वेळा आमच्या गल्लीतल्या देवळातली घंटाही ऐकली नसेल.

एक वडील होते, ते खिडकीबाहेर उभे राहून कान खाजवायचे. उजवा कान म्हणजे घोडा, डावा कान म्हणजे उंट. मला संशय आला तेव्हा मी पडदा ओढला. तर गृहस्थ दार ठोकून आत आले, "मॅडम, बच्ची को हवा चाहिए, उसको दमा है." मुलगी बिचारी खरं बोलणारी. म्हणाली, "पापा, मुझे कहाँ है?" दुसरे दोन म्हातारे साडू होते. त्यांचा घरगुती अबोला इतका जुना की त्याचं कारण दोघंही विसरलेले. नेमकी त्यांचीच जोडी लागली. नियमाप्रमाणे हात मिळवायला लावले तर दोघांनी दोन दिशांना पाहत मिळवले. खेळताना एकानं मला बोलावून सांगितलं, "ह्यांना विचारा, बरोबरी पाहिजे का." दुसरे म्हणाले, "ह्यांना सांगा, हारणारा माणूस बरोबरी मागतो." मी दोघांमध्ये उभी राहून निरोप पोचवत होते आणि घड्याळ चालू होतं.

ह्या झाल्या गमती. आता रागाकडे येते.

हौशी माणसाला संघटनेच्या स्पर्धेत खेळायचं असेल तर आधी सभासद व्हावं लागतं, आणि एकदाच नव्हे. जिल्ह्याचं व्हायचं, राज्याचं व्हायचं, देशाचं व्हायचं. तिन्हींची वर्गणी वेगळी आणि दर वर्षी नव्यानं. वर स्पर्धेची फी निराळी. म्हणजे पहिलं प्यादं सरकवायच्या आधी पाकीट इतक्या वेळा उघडायचं, नमनालाच घडाभर तेल. ज्यांची मुलं क्लास लावून, बॅगा घेऊन गावोगाव स्पर्धा खेळत हिंडतात त्यांना हे टोचत नाही. त्या खर्चात वर्गणी दिसतसुद्धा नाही. टोचते ती ज्याला एकदा नुसतं बसून बघायचं असतं त्याला.

राजेंद्र नगरातले एक निवृत्त गृहस्थ एकदा सकाळी स्पर्धेच्या टेबलाशी आले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. म्हणाले, खेळायचंय. टेबलावरच्या पोरानं फोटो मागितला, ओळखपत्र मागितलं, जन्माचा दाखला मागितला. गृहस्थ म्हणाले, "बेटा, मैं पैदा हुआ हूँ, दिख नहीं रहा?" मग मोबाइलवर नोंदणी करायला घेतली, तर ओटीपी गेला बंगळुरूला, मुलाच्या फोनवर. मुलगा मीटिंगमध्ये. गृहस्थ भिंतीशी खुर्ची घेऊन बसून राहिले. पहिली फेरी सुरू झाली, मी घड्याळं लावून परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. ते पुन्हा कधी आले नाहीत. आणि मी सांगते, त्यांनी बरोबर केलं.

एवढं करून आमच्या जिल्हा संघटनेच्या प्रत्येक बैठकीत विषय कोणता? नवे खेळाडू का येत नाहीत! बैठकीला समोसे येतात, कचोऱ्या येतात, नवे खेळाडू तेवढे येत नाहीत. मग कोणी म्हणतो मोबाइलमुळे, कोणी म्हणतो क्रिकेटमुळे, कोणी म्हणतो आजकालच्या मुलांत चिकाटी नाही. आपण दारातच उभे राहून हात पसरतो म्हणून, असं म्हणायची कोणाची छाती होत नाही.

आमचे सचिव विलासजी. तुकोगंजात त्यांचं ऑफिस आहे, बांधकामाच्या सामानाचा धंदा आहे, आणि त्यांनी स्वतः पट मांडलेला कोणी पाहिलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, ह्यांनी तर उंटही कधी हातात धरला नाही. मी बैठकीत म्हटलं, "पहिलं वर्ष वर्गणी घेऊच नका. माणूस आधी खेळू दे, त्याला गोडी लागू दे, मग तो आपणहून देईल." विलासजी हसले. "ताई, तुम्ही लई इमोशनल होता. संस्था फोकट मध्ये नाही चालत ना! हॉलचं किराया कोण देणार? तुमचं मानधन कुठून येतं?"

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. माझं मानधन त्याच वर्गणीतून यायचं. घड्याळांचे सेल, खोलीचं भाडं, ढाली, सगळं त्यातूनच. वर्गणी नकोच, असं मी कधी म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की ती दारात मागू नका. पंगतीला बसायच्या आधी कोणी पाहुण्याकडून पत्रावळीचे पैसे घेतं का? पण त्या दिवशी समोसे थंड होत होते, आणि विषय तिथेच मिटला.

मंजिरी मला भेटली ती दातांच्या दवाखान्यात. तुकोगंजातल्या त्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसते. पस्तिशी ओलांडलेली, नीटनेटकी, आवाज हळू. मी दाढेचं काम करून बाहेर येऊन बसले होते. काउंटरच्या आड तिचा मोबाइल दिसला, आणि त्यावर डाव. तिचा हत्ती फुकट जाणार होता, मला स्वच्छ दिसत होतं. पण पंचानं चाल सुचवायची नसते, आणि माझा अर्धा जबडा बधिर होता. दोन्ही कारणांनी मी गप्प बसले. हत्ती गेला. तिनं "हट" म्हणून फोन उलटा ठेवला आणि मान वर केली तर मी हळहळताना दिसले. आमची ओळख तशी झाली.

जूनी इंदूरमध्ये ती भाऊ-वहिनींबरोबर राहते. पणजोबा कधीकाळी सरकारी फौजेत होते, एवढं घरात अभिमानानं सांगतात. बाकी आता सगळे नोकरदार. वडिलांनी तिला ओट्यावर बसून खेळायला शिकवलं होतं. संध्याकाळी वडील पट मांडायचे आणि गल्लीतलं कोणीही समोर येऊन बसायचं. मंजिरी म्हणाली, "बाबा गेले तेव्हापासून समोर माणूसच नाही बसला, ताई. फोनवर खेळते मी, पण कसं है, हारलं की कळतच नाही कोण जिंकलं. कोणी हसत नाही, कोणी 'अरे वा' म्हणत नाही. मला ना, एक बार पुन्हा माणसाच्या समोर बसून खेळायचं है."

मी उत्साहानं तिला आमच्या पुढच्या स्पर्धेचं सांगितलं. तिनं तिन्ही वर्गण्या भरल्या, स्पर्धेची फी भरली, दवाखान्यातून रजा काढली. सकाळी आली ती ठेवणीतली साडी नेसून. पहिल्या फेरीत तिची गाठ पडली एका कोचिंग क्लासच्या सरांशी.

आता इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आमच्या जुन्या मोहल्ल्यांत जो देशी डाव खेळतात त्यात प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं, आणि राजाला शह मिळालेला नसेल तर त्याला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. स्पर्धांच्या नियमांत ही उडी नाही. मंजिरीच्या फोनवरही ती नव्हतीच, आणि प्याद्याची सुरुवातीची दोन घरं तिच्या अंगवळणी पडली होती. पण तिची समजूत अशी, की फोनवाल्यांनी खेळ सोपा करून ठेवलाय, त्यांना उडी बसवता आली नसेल. खऱ्या पटावर खरे नियम असणार, म्हणजे बाबांचे! मी तिला विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण हे विचारायचं माझ्याच काय, कोणाच्याच डोक्यात आलं नसतं.

डाव बरा चालला होता तिचा. सर जरा खुर्चीत पुढे सरकून बसले होते, म्हणजे त्यांनाही तो सोपा नव्हता. राजावर हल्ला येतोय असं दिसल्यावर तिनं शांतपणे राजा उचलला, घोड्यासारखा उडवून कोपऱ्याकडे ठेवला आणि घड्याळ दाबलं. चेहऱ्यावर समाधान. ही उडी तिनं पहिल्यापासून राखून ठेवली होती.

सर मोठ्यांदा हसले. "मॅडम, ये कौन-से मोहल्ले का रूल है? जूनी इंदौर का?" शेजारच्या टेबलांवरचे वळले, पालक दारातून डोकावले, आणि हसू पसरलं. मी घड्याळ थांबवलं. सरांना सांगितलं, की डाव चालू असताना प्रतिस्पर्ध्याला डिवचणं हाही गुन्हा आहे आणि पुन्हा आवाज आला तर डाव जाईल. ते "सॉरी" म्हणाले, तेही दात दाखवून. पण नियम तो नियम. चाल बेकायदा, सरांना जादा वेळ, आणि राजाला हात लावलेला म्हणून राजाच हलवायचा. जी दोन घरं त्याला होती ती दोन्ही वाईट. पुढे ती थोड्याच चालींत हरली.

तिनं हात मिळवला, पट नीट लावून ठेवला आणि पर्स उचलली. उरलेल्या फेऱ्या खेळलीच नाही. जिन्यात मला म्हणाली, "बाबा गलत शिकवून गेले का मला, ताई?" मी म्हटलं, "बाबा बरोबर होते. आम्ही सांगायला पाहिजे होतं." वर्गणी घेताना तीन-तीन ठिकाणी नाव, पत्ता, जन्मतारीख विचारणाऱ्यांपैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं, की बाई, तुम्ही खेळ कुठला शिकलात? माझं डोकं भडकलं ते त्या दिवशी, आणि अजून थंड झालेलं नाही.

संघटनेनं राजेंद्र नगरात एका शाळेच्या मागची मोठी खोली भाड्यानं घेतलेली आहे. स्पर्धा नसली की ती कुलूपबंद. पट आणि घड्याळं मी सांभाळायची, म्हणून एक किल्ली माझ्याकडे असे, दुसरी विलासजींच्या ऑफिसात. मी ठरवलं, रविवारी सकाळी ही खोली उघडायची. विलासजींना सांगितलं, ते म्हणाले, "करा ना ताई, कोण येतंय!" नाव विचारायचं नाही, वर्गणी नाही, वयाची अट नाही. पहिला डाव देशी नियमांनी, दुसरा स्पर्धेच्या नियमांनी, म्हणजे उडी कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे हातालाच कळावं. आणि जिंकलेल्यानं हरलेल्यासाठी पट पुन्हा मांडून द्यायचा. एवढाच कायदा.

मंजिरीला बोलवायला मी दवाखान्यात गेले. ती नाहीच म्हणत होती. शेवटी म्हणाली, "वहिनीला आणते. ती पण हारली तर अकेली नाही वाटणार." वहिनी आली, आणि तिला तर प्यादं कुठून निघतं तेही ठाऊक नव्हतं. नणंदेनं तिला शिकवलं. मग गल्लीतल्या बायका आल्या, दवाखान्यातला कंपाउंडर आला, मुलांना क्लासला सोडून बाहेर ताटकळणाऱ्या आया आल्या. एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि नातू कंटाळून गेला तरी आजोबा येतच राहिले. थोड्याच दिवसांत पट कमी पडायला लागले. कोणी पोहे आणायचं, कोणी जिलबी. गोंगाट इतका, की माझ्यातली पंच सारखी "शूऽऽ" म्हणायला तोंड उघडायची आणि मी ते दाबून धरायची.

आणि मंजिरी! ती बाई तिथे निराळीच दिसायची. दवाखान्यातला हळू आवाज गायब. "ए भाभी, घोडा सांभाळ, नंतर रडायचं नाही हां!" असं ओरडायची. ती काही मोठी खेळाडू नव्हती, होणारही नव्हती. निम्मे डाव हरायची. पण हरल्यावर समोरच्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, "अरे वा, मस्त फसवलं भिया." भिया म्हणजे आमच्याकडचा भैया. मी आयुष्यभर विजेत्यांना ढाली दिल्या, पण हरून इतकं खूश झालेलं माणूस मला त्यांच्यात दिसलं नव्हतं.

एका रविवारी विलासजी आले. दारात उभे राहून त्यांनी गर्दी पाहिली, मोबाइल काढला आणि फोटो घेतले. मला आनंद झाला. वाटलं, आता ह्यांना कळलं. कळलं, पण भलतंच. हे फोटो वर राज्याच्या संघटनेकडे गेले, 'जिल्ह्याचा नवोदितांसाठी उपक्रम' म्हणून. तिथे कौतुक झालं, विलासजींना शाल मिळाली. आयत्या बिळावर नागोबा. शालीचं मला काहीच नाही, इंदुरात थंडी पडते, वापरू देत. पण पुढच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला: रविवारची खोली यापुढे फक्त सभासदांसाठी.

"विलासजी," मी म्हटलं, "ते लोक वर्गणी नाही म्हणूनच आले."

"तेच तर, ताई! आता आलेत, तर मेंबर करून घेऊ. इतनी भीड आहे, आणि एक पण मेंबर नाही. ऑडिटवाला विचारेल, खोली कोणासाठी खोलता?"

"निदान वर्षभर थांबा. त्यांच्यातले निम्मे पुढच्या वर्षी स्वतःहून भरतील. उरलेले पोहे तर आणतील."

एक-दोघं हसले. विलासजींनी हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूनं सगळे हात वर गेले आणि विरोधात माझा एकटीचा. माझ्या शेजारी बसलेले निवृत्त प्राध्यापक मला नंतर हळूच म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे." मग हात काय दुखत होता? तसं मी त्यांना विचारलं. ते चहाकडे गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी खोलीपाशी पोचले तर दारावर भलामोठा फ्लेक्स. 'आइए, शतरंज से जुड़िए.' त्यावर मंजिरीचा फोटो, पटावर वाकलेली, हातात घोडा. मूळ फोटोत तिच्या समोर वहिनी होती. ती कापून तिथे विलासजींचा हात जोडलेला फोटो चिकटवला होता. बघणाऱ्याला वाटावं, मंजिरी आणि विलासजी डाव खेळताहेत आणि विलासजी आधीच शरण आलेत. फ्लेक्सच्या खाली खुर्ची टाकून संघटनेचा एक माणूस बसला होता, कार्ड तपासायला.

मंजिरी आणि वहिनी आल्या. बरोबर एक नवीन बाई होती, शेजारची, पहिल्यांदाच आलेली. माणूस म्हणाला, "दीदी, कार्ड?"

मंजिरीनं त्या स्पर्धेच्या वेळी वर्गणी भरली होती, पण वर्ष संपलं होतं. बाकी दोघींचा तर प्रश्नच नव्हता. तिनं वर पाहिलं. "भिया, ये मैं हूँ," ती म्हणाली. फ्लेक्सकडे बोट होतं.

"हाँ दीदी, पहचान लिया. पर कार्ड तो दिखाना पड़ेगा ना."

मी मध्ये पडले. ह्या माझ्या पाहुण्या आहेत, आत सोड, म्हटलं. तेवढ्यात विलासजी आतूनच आले. म्हणाले, "ताई, नियम सगळ्यांना सेम असतो, हे तर तुम्हीच सांगता ना दर वेळी? आणि ह्यांना जड काय आहे? इतक्या चांगल्या घरच्या आहेत."

मी तोंड उघडलं, पण मंजिरीनं माझा हात धरला. आवाज पुन्हा दवाखान्यातला झाला होता. "राहू द्या, ताई. पैशाचं नाही आहे. मी देऊ शकते. पण ह्या," तिनं नव्या बाईकडे पाहिलं, "ह्यांना मी सांगून आणलं, की तिथं कोणी काही विचारत नाही. आता मी कोणत्या तोंडानं सांगू?" वहिनी फ्लेक्स निरखत होती. "दीदी," ती नणंदेला म्हणाली, "माझी जगह हे कोण बसलंय?" तिघी वळून रस्त्याला लागल्या. कार्डवाला बसायच्या आधीच आत गेलेले आजोबाही थोड्या वेळानं काठी घेऊन निघून गेले. त्यांच्याकडेही कार्ड नव्हतं.

त्याच दिवशी मी किल्ली परत केली. मंजिरीला फोन करून म्हटलं, माझ्या घरी या, माझ्याकडे पट आहेत, घड्याळं नकोतच. ती म्हणाली, "येईन ना, ताई, जरूर येईन. पण ते तुमच्या घरी येणं होईल. तुम्ही चहा करणार, मी बिस्कीट आणणार. मला तसं नव्हतं पाहिजे. मला तिथं लोकांमध्ये जाऊन बसायचं होतं, कोणाच्या मेहरबानीनं नाही." मग म्हणाली, "एक काम करा. तो फोटो काढायला लावा माझा."

मी विलासजींना फोन केला. ते म्हणाले, "फ्लेक्स छापून झाली, आता कशी काढणार? आणि तिला तर खुशी व्हायला पाहिजे. फोकट मध्ये फेमस झाली!"

फोकट. हा शब्द त्या माणसानं वापरला. जिच्याकडून तीन वर्गण्या घेऊन आम्ही चारचौघांत तिचं हसं केलं, जिच्या गर्दीवर शाल मिळवली, तिला फुकट काही मिळालं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवणाची मोठी कात्री घेऊन गेले. शाळेच्या शिपायाकडून स्टूल मागितलं. त्यानं धरून ठेवलं, कशासाठी ते विचारलंही नाही. ह्या वयात स्टुलावर चढू नये असं डॉक्टर सांगतात, पण खेळाच्या बाईचे गुडघे आहेत, अजून चालतात. मी मंजिरी नीट कडेकडेनं कापून काढली. घोडा धरलेला हातही सोडला नाही. आता त्या फ्लेक्सवर विलासजी एका मोठ्या भोकासमोर हात जोडून बसलेत, आणि भोकातून दाराच्या वरच्या कडीला लावलेलं कुलूप दिसतं. रविवारी कुलूपच असतं. कार्ड असलेल्यांना तिथे यायला वेळ नाही.

मला संघटनेची नोटीस आली आहे. संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान, शिस्तभंग, पंच म्हणून नाव का कमी करू नये, लेखी खुलासा करावा. संपादकांनी गोड आठवणी मागितल्या आणि संघटनेनं खुलासा. दोघांचं एकात उरकते आहे.

खुलासा असा: कात्री माझी, हात माझा. पश्चात्ताप नाही. नाव कमी करायचं असेल तर खुशाल करा, पण त्या आधी एक सांगा. तुमच्या सभासदांच्या यादीत एक तरी माणूस असा आहे का, जो हरल्यावर समोरच्याला "अरे वा" म्हणतो? एक होती. तिला तुम्ही कार्ड मागितलंत. आता ती दवाखान्यात काउंटरच्या आड मोबाइलवर खेळते, आणि हरली की तिला कळत नाही, कोण जिंकलं.